अप्पेपात्रातले छर्रे

नाताळ अंकाचे संपादक माझे शाळेतले दोस्त. त्यांचा फोन आला, "पास्कू, तू जन्मभर दुबईत बंदुकांमध्ये वावरलास. काहीतरी थरारक लिही. वाचकाची झोप उडाली पाहिजे." आता त्यांना काय सांगू, की माझ्या सगळ्या नोकरीत रक्त सांडलं ते एकदाच. तेही माझंच, शिकंज्यात अंगठा सापडला तेव्हा. झोप उडवणारं काही माझ्याकडे नाही. एक अप्पेपात्र आहे, त्याची गोष्ट सांगतो.

मी आर्मरर होतो. म्हणजे नेमबाजीच्या क्लबात बंदुका पुसायच्या, स्प्रिंगा बदलायच्या, नेम सरकला तर जागेवर आणायचा आणि मेंबर लोकांचं ऐकून घ्यायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात जड. तिकडे वसईत माझ्या आईने सगळ्यांना सांगून ठेवलेलं, "आमचा पास्कू दुबईला बंदुका सांभाळतो." गावाने त्याचा अर्थ शेखचा बॉडीगार्ड असा घेतला. सुट्टीवर आलो की लग्नात मला पुढची खुर्ची मिळायची आणि तिखट इंद्याळाच्या मटणाची वाटी न मागता पुन्हा भरायची. मी कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. फुकटची खुर्ची कोण सोडतो?

आता मी रिटायर झालोय. बायको, रोझी, अजून एका ऑफिसात कामाला जाते, म्हणून दुबईतल्या अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये मी तिच्या व्हिसावर राहतो. "स्पॉन्सर मी आहे, निदान भांडी तरी घास," असं ती रोज ऐकवते. भांडी घासताना अप्पेपात्र हाताला लागलं की मला देवधर साहेब आठवतात.

पण आधी धंदा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

परदेशातून नवीन आलेले काही मेंबर पहिल्याच दिवशी विचारायचे, "पास्कल, घरी काडतुसं भरायला कुठलं मशीन घेऊ?" बऱ्याच देशांत हा शौक आहे. उडवलेल्या काडतुसाचं पितळी टरफल जपून ठेवायचं आणि गॅरेजात बसून ते पुन्हा भरायचं. सगळं तोलून, मापून, भिंगातून बघून. कारखान्यापेक्षा माझं काडतूस अचूक, हा त्यातला तोरा. मी अशा माणसाला खुर्ची द्यायचो, चहा द्यायचो आणि सांगायचो, "हबीबी, इकडे घरात काडतूस भरायचं नाही. गाडीत नाही, क्लबात नाही, स्वप्नातसुद्धा नाही. पोलीस आले तर मी तुला ओळखत नाही." माणूस हिरमुसायचा. पण खाज ती खाज. ती मग हवेच्या बंदुकीच्या छर्ऱ्यांवर उतरायची.

छर्रा म्हणजे शिशाचा इवलासा तुकडा. डोकं चपटं, कंबर बारीक आणि खाली परकरासारखा घेर. तो भरायचा नसतो, नुसता निवडायचा असतो. एका साच्यातून एका पाळीत निघालेला माल म्हणजे एक बॅच. गंमत अशी की प्रत्येक बंदुकीच्या नळीला आपली आवड असते. एकीला एक बॅच मानवते, दुसरीला तीच नको होते. म्हणून आम्ही बंदूक शिकंज्यात पक्की आवळतो, वेगवेगळ्या बॅचचे छर्रे मारून बघतो आणि कागदावर कुठली भोकं सगळ्यात जवळ पडली ते पाहतो. ती बॅच घ्यायची, नळी साफ ठेवायची, खलास. एवढ्यावर ज्याचं समाधान होतं तो आयुष्यात सुखी होतो.

पण असे किती? एक बँकेतला माणूस छर्रे शांपूने धुवायचा. मी म्हटलं, "कंडिशनर पण लावा, केस मऊ राहतील." त्याने गंभीरपणे विचारलं, कुठल्या कंपनीचा. दुसरा एकजण मॅचच्या आदल्या दिवशी छर्ऱ्यांच्या डब्याशी अर्धा तास बोलत बसायचा. त्याला मी काही बोललो नाही, कारण तो बऱ्यापैकी मारायचा. बंदुका आणि छर्रे क्लबाच्याच कुलपात राहायचे, घरी न्यायची सोय नव्हती. मग हे लोक घर क्लबात आणायचे. कोणाच्या पिशवीतून बायकोची पिठाची चाळण निघायची, कोणाच्या सोनाराचा चिमटा.

आणि देवधर साहेबांच्या पिशवीतून निघालं अप्पेपात्र.

देवधर साहेब मूळचे पुण्याचे, एका मोठ्या कंपनीत ऑडिटचे साहेब. मला "पास्कलराव" म्हणायचे. आमच्या सात पिढ्यांत कोणाला राव म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे मी त्यांना थोडं जास्तच सांभाळून घ्यायचो. त्यांनी गोल्ड सूकमधून, म्हणजे इथल्या सोन्याच्या बाजारातून, सोनाराचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. "दिरहॅममध्ये ऐकून ठीक वाटलं, रुपयांत केलं आणि घाम फुटला," असं स्वतःच म्हणाले. मेंबर्स रूममध्ये त्यांचं एक ठरलेलं टेबल होतं. त्यावर काटा, शेजारी अप्पेपात्र. चिमट्याने एकेक छर्रा उचलायचा, तोलायचा आणि वजनाप्रमाणे अप्प्यांच्या खळग्यांत टाकायचा. मधल्या खळग्यातले अस्सल, मॅचसाठी. भोवतीचे सरावाला. आणि अगदी कडेचे, फार हलके किंवा फार जड, ते एका रिकाम्या डब्यात. त्या डब्यावर त्यांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "बाद".

अप्पेपात्र आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या मिसेस क्लबात आल्या. सरळ माझ्या वर्कशॉपमध्ये.

"पास्कलभाऊ, माझं अप्पेपात्र इथे आहे का?"

"आहे, वहिनी."

"द्या. उद्या पाहुणे आहेत."

मी हात जोडले. "वहिनी, त्यात शिसं फिरलंय. शिसं म्हणजे विष. आता त्यात अप्पे केलेत तर पाहुणे पुन्हा कधी यायचे नाहीत." एवढ्यावर न थांबता मी त्यांच्यासमोर ड्रिल घेतलं आणि पात्राच्या मधल्याच खळग्याला भोक पाडलं, म्हणजे पुढे कोणी चुकूनही त्यात पीठ ओतू नये. वहिनी भोकाकडे बघत राहिल्या.

"माझ्या आईने दिलं होतं," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याच्या टेबलाकडे वळून, "अहो, मला पण विकून टाका ना त्या गोल्ड सूकमध्ये!"

देवधर साहेबांनी मान वर केली नाही. "बोलू नकोस, काटा हलतो," एवढंच म्हणाले. भोकाखाली त्यांनी पुढे बाटलीचं बूच चिकटवलं आणि काम चालू ठेवलं.

आता दुसरा माणूस. बु सुलतान. बु सुलतान म्हणजे सुलतानचा बाप; इकडे वडीलधाऱ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानचा, बंदरातल्या नोकरीतून रिटायर झालेला, पोट सुटलेला, हसरा माणूस. दर आठवड्याला डोंगर ओलांडून आमच्या क्लबात यायचा. हिंदी फर्डी बोलायचा, फक्त त्यात सगळे पुरुष बायका आणि सगळ्या बायका पुरुष व्हायच्या. त्याची आणि देवधर साहेबांची वर्षातून एक मॅच ठरलेली. पैज साधी: हरेल त्याने जिंकणाऱ्याला घरी जेवायला बोलवायचं.

सात-आठ वर्षं झाली, दर वर्षी देवधर साहेब हरले. दर वर्षी बु सुलतान त्यांच्या ऊद मेथाच्या फ्लॅटवर जाऊन, सोफ्यावर मांडी घालून, वहिनींच्या हातचे, नव्या पात्रातले अप्पे खाऊन आला. अप्पे त्याला फार आवडायचे. "ये हमारा लुगैमात है," म्हणायचा, "बस, मीठा डालना भूल गया." लुगैमात म्हणजे त्यांच्याकडची पाकातली गोल गोड भजी. वहिनी म्हणायच्या, विसरले नाही हो, मुद्दाम तिखट केलंय.

तुम्हाला वाटेल, बु सुलतान खूश असेल. छे! तो कासावीस झाला होता. एकदा माझ्या स्टुलावर बसून म्हणाला, "पास्कल, ये आदमी कब जीतेगा? मेरा बीवी रोज पूछता है. बोलता है, तुम उसका घर इतना बार खाया, वो हमारा घर एक बार नहीं आया. लोग क्या बोलेगा?" अरब माणसाच्या घरी पाहुणा न येणं ही केवढी नामुष्की, ते इथे राहिल्याशिवाय कळत नाही. त्याने साध्या दिवशीही खूप वेळा बोलावून बघितलं होतं. पण देवधर साहेब म्हणजे देवधर साहेब. "जिंकेन त्या दिवशी येईन. त्याआधी तुमच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे." बु सुलतानला तत्त्व म्हणजे काय ते मला हिंदीत समजावता आलं नाही. शेवटी सांगितलं, एक प्रकारचा आजार आहे, पुण्याकडे होतो.

"मग तुम्हीच एकदा हरा की," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मी त्याला उंट चोरायला सांगितला. मुद्दाम हरणं म्हणजे दोस्ताचा अपमान. आणि शिवाय देवधर साहेब ऑडिटर. त्यांनी कागदावरची भोकं मोजून पकडलं असतं.

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती आणि ती मी पोटात ठेवली होती. बु सुलतान छर्रे विकत घेत नव्हता. एकदा देवधर साहेब तो "बाद" डबा कचऱ्यात ओतायला निघाले, तेव्हा मी म्हटलं, इकडे द्या, भंगारात घालतो. बु सुलतानने तो माझ्या टेबलावर बघितला. "फेंकता है? हराम है फेंकना!" म्हणत आपल्या लांब पांढऱ्या झग्याच्या, कंदुऱ्याच्या, खिशात टाकला. तेव्हापासून बादचा प्रत्येक डबा माझ्या टेबलावरून गुपचूप त्याच्याकडे जायचा, आणि दर वर्षी देवधर साहेबांच्याच बाद मालाने तो देवधर साहेबांना हरवत होता. एका बाजूला अस्सल, दुसऱ्या बाजूला बाद, आणि जिंकतोय बाद. मी शिकंज्याशी उभा राहून गालातल्या गालात हसायचो. माझ्या मुलीला घरी सांगितलं तर ती म्हणाली, "डॅडा, दॅट्स सो मीन." मी म्हटलं, बाय, नोकरीत एवढी तरी करमणूक नको?

मग देवधर साहेबांच्या कंपनीने त्यांना निरोप दिला. पुण्याला कायमचं परतायचं ठरलं. त्या उन्हाळ्यातली मॅच शेवटची. बु सुलतान फोनवर फोन करू लागला: "पास्कल, कुछ करो. वो चला जाएगा, मेरा घर देखा नहीं." देवधर साहेब तर रोज टेबलाशी. डोळे लाल, चिमटा हातात, वहिनी घरी एकट्याच सामान बांधतायत.

मॅचच्या आदल्या दिवशी ते धावत वर्कशॉपमध्ये आले. "पास्कलराव, काटा बिघडला! घात झाला!"

मी गेलो. मेंबर्स रूममध्ये उकडत होतं. एसीवाले फिल्टर धुवायला आले होते, त्यांनी मशीन बंद करून ठेवलं होतं. देवधर साहेबांचा शर्ट अंगाला चिकटलेला. "बघा," ते म्हणाले, "सगळेच छर्रे मधल्या खळग्यात जातायत. सगळेच! हे शक्य आहे का?"

मी काट्यावर एक ठरावीक वजन ठेवून बघितलं. काटा बरोबर होता. दोन डब्यांतले छर्रे तोलले. जवळजवळ सारखेच. मग मी वर बघितलं. टेबलाच्या बरोबर वर एसी. त्याची ती वर-खाली फिरणारी पट्टी, आत्ता मेल्यासारखी लोंबत होती.

"साहेब, या काट्याला काचेचं झाकण होतं ना?"

"आहे की. त्यात मी चष्मा ठेवतो."

"तोलताना लावत नाही?"

"कशाला? सगळ्या खिडक्या बंद आहेत. वारा कुठला?"

 मागे एकदा मी त्यांना झाकण लावा म्हटलं होतं तेव्हाही हेच उत्तर मिळालं होतं, आणि मलाही ते पटलं होतं! वाळवंटात राहणाऱ्या माणसाची ही खोड आहे. एसी म्हणजे वारा, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. एसी म्हणजे घर. तेवढ्यात काम संपलं आणि एसीवाल्या पोरांनी मशीन चालू केलं. पट्टी खाली आली, काट्याचा आकडा चढला. पट्टी वर गेली, आकडा उतरला. ताटलीत छर्रा नव्हताच.

देवधर साहेब बघत होते. पट्टी खाली, जड. पट्टी वर, हलकं. मला आधी हसू आलं, खरं सांगतो. इतकं, की मी खोकल्याचं निमित्त केलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसले. पुसून झाला तरी पुसत होते.

"म्हणजे इतकी वर्षं मी एसी मोजत होतो," ते म्हणाले.

फार वाईट वाटलं मला. मी त्यांच्यासाठी चहा आणला, साखर जास्त घालून. त्यांनी अर्धा प्यायला आणि म्हणाले, "छर्ऱ्यांत दोष नव्हता, पास्कलराव. मग कोणात होता, ते विचारू नका."

दुसऱ्या दिवशी मॅच. वहिनीही आल्या होत्या. देवधर साहेबांनी अप्पेपात्र बाहेर काढलंच नाही. नवा डबा फोडला आणि हाताला येईल तो छर्रा घालून मारत सुटले. एरवी ते एकेका छर्ऱ्याला हिऱ्यासारखं जपायचे, नेम धरून इतका वेळ थांबायचे की हात थरथरायला लागायचा. त्या दिवशी थांबलेच नाहीत. आणि काय सांगू, जन्मात मारले नव्हते इतके चांगले मारले! माझा जीव वर-खाली. बु सुलतान हसायचा बंद झाला, कपाळ पुसायला लागला.

आणि देवधर साहेब हरले. थोडक्यात, पण हरले. बु सुलतान त्यांच्यापेक्षा चांगला नेमबाज होता, एवढीच साधी गोष्ट होती. त्याला काटा काय करणार आणि एसी काय करणार.

देवधर साहेबांनी बंदूक खाली ठेवली. हात पुढे केला. "मबरूक, बु सुलतान, अभिनंदन. उद्या आमच्याकडे. भांडी पॅक झालीयेत, पण नवं अप्पेपात्र बाहेर काढू." वहिनींनी तोंड फिरवलं.

बु सुलतानने हात धरला तो सोडलाच नाही. त्याचे डोळे भरले होते. जिंकलेल्या माणसाचं एवढं पडलेलं तोंड मी पुन्हा पाहिलं नाही. मग त्याने दुसऱ्या हाताने खिशातून आपला डबा काढला आणि टेबलावर ठेवला. डब्यावर, ठसठशीत अक्षरात: "बाद".

देवधर साहेबांनी स्वतःचं अक्षर ओळखलं. "हे माझं आहे."

"हाँ, तुम्हारा. हर साल तुम्हारा. तुम फेंकता, मैं उठाता. पास्कल को पूछो." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघितलं. "इतना साल मैं तुम्हारा डब्बा से खाया," बु सुलतान म्हणाला, "तुम्हारा घर में भी तुम्हारा खाया, यहाँ भी तुम्हारा खाया. मेरा मुँह काला हो गया. अब तुम मेरा घर आएगा. नहीं आएगा तो मैं ये सब जीत वापस करता. खलास!"

देवधर साहेब डब्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता तत्त्व बाहेर येणार. ते आलंच. पण पुण्याच्या तत्त्वाला मागचं दार असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

"थांबा," ते हळूहळू म्हणाले. "म्हणजे प्रत्येक मॅच माझ्या दारूगोळ्याने जिंकली गेली. मी निवडून बाद केलेला माल. तांत्रिकदृष्ट्या बघितलं, तर विजयात माझा निम्मा वाटा येतो. पास्कलराव, काय म्हणता?"

"निम्म्याहून थोडा जास्तच," मी म्हटलं.

"अहो, पुरे आता!" वहिनी ओरडल्या. "पास झालात असं समजा आणि बसा गाडीत!"

त्या शुक्रवारी आम्ही सगळे खोर फक्कानला गेलो, मी आणि रोझीसुद्धा. मजलिसमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीत, जमिनीवर बसलो. बु सुलतानच्या बीबीने देवधर वहिनींचा हात धरला आणि स्वयंपाकघरात नेलं ते दोन तासांनीच परत आणलं. भाषा एकीलाही दुसरीची येत नव्हती, पण हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. एका ताटात लुगैमात, एका ताटात अप्पे. पैज हरल्याचे अप्पे वहिनींनी तिथेच केले, नव्या पात्रात. देवधर साहेबांनी सगळ्यात आधी एक ग्लास पाणी मागितलं. सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. बु सुलतान समोर बसून ते पाणी घशाखाली उतरताना बघत होता, आणि दोन्ही हातांनी डोळे पुसत होता.

जुनं पात्र, भोकासकट, देवधर साहेबांनी पुण्याला नेलं. वहिनींचं न ऐकता.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. बु सुलतान डिसेंबरात पुण्याला येतोय, बायकोला घेऊन. अर्थात मॅच होणार. तिकडे त्यांना एक क्लब सापडलाय.

"पण पास्कलराव, एक अडचण आहे," ते म्हणाले. "हरेल तो जेवायला घालणार, हा नियम. आता तो माझ्या गावात पाहुणा. मी चुकून जिंकलो तर त्याला पुण्यात चूल मांडावी लागेल. म्हणजे या वेळी मला हरणं भाग आहे. आणि मुद्दाम हरणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

"मग काय करताय?"

"नवीन काटा आणलाय. छर्रे निवडतोय."

मला मागून एक ओळखीची घरघर ऐकू येत होती. "साहेब, टेबलाच्या वर काय आहे?"

"पंखा."

"चालू आहे?"

"चालू आहे," देवधर साहेब म्हणाले. मग त्यांचं हसू ऐकू आलं. "राहू द्या चालू."